शंभरावरचा काटा

चाचा,

तुमचे डोळे चांगले होते. हे तुम्ही असताना तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, मी सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन तीसच्या वर वर्षं झाली, माझी पंच्याहत्तरी उलटली, आणि आज जेवण झाल्यावर मी वही घेऊन बसले आहे, कारण उद्या सकाळी एक गृहस्थ येणार आहेत आणि ते ठेवून गेलेल्या कागदावर त्यांना माझी सही हवी आहे. कागद तुमच्याबद्दल आहे. त्यात एक ओळ अशी आहे : 'उतारवयात दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांनी काम थांबवले.' ही ओळ खोटी आहे, आणि ती त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेली आहे.

हे गृहस्थ तंत्रनिकेतनात शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांच्या कॉलेजातल्या एका खोलीत जुनी मापायची यंत्रं मांडून ठेवायची, असं त्यांनी मनावर घेतलंय. पडेगावात एका म्हातारीकडं असलं काहीतरी आहे हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मागच्या महिन्यात आले. मी मागच्या खोलीतला दिवा लावला तर ते उंबऱ्यातच थांबले. तुमचं सगळं आहे तिथं. फळीवर वॉल्व्हचा ऑसिलोस्कोप, त्याच्या शेजारी सिग्नल जनरेटर, वॉल्व्ह तपासायची ती जड पेटी, आरशाच्या पट्टीचं मोठं मीटर, आणि कोपऱ्यात, कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी, लाकडी डब्यात सेल. "आजी, यातलं काही चालू आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चालू नसतं तर एवढी जागा कशाला अडवू दिली असती?"

वर्षातून दोनदा मी सगळी यंत्रं उघडते. तुम्ही शिकवलं तसंच. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला एकदम लाइन द्यायची नाही, आधी शंभरचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. बल्ब भगभगून पेटला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. नुसता लालसर झाला तर थांबायचं, यंत्राला जाग येऊ द्यायची. गेल्या दिवाळीत ऑसिलोस्कोपची हिरवी रेघ थरथरायला लागली. त्या जातीचे कंडेन्सर आता कुठंच मिळत नाहीत. मी जुन्या कंडेन्सरचं डबडं खालून कापलं, आतलं सगळं खरवडून काढलं, आत आजचा बोटाएवढा नवा बसवला आणि डबडं परत जागेवर लावलं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. त्या गृहस्थांनाही कळलं नाही. ते म्हणाले, "अजून मूळचेच भाग आहेत, कमाल आहे." मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमतं चाचा, त्यात माझा हात तुम्ही समजत होता त्यापेक्षा तयार आहे.

मग चहा पिताना त्यांनी विचारलं, "उस्तादांनी काम का सोडलं?" मी म्हटलं, "डोळे गेले त्यांचे." साखर किती घालू विचारावं तितक्या सहज. ते लिहून घेत होते. लिहून झाल्यावर त्यांनी खाली रेघ मारली.

तुमच्या दुकानात मी आले ती काही शिकायला आले नव्हते. आमचे हे गेले, कावीळ अंगावर काढली आणि तीन आठवड्यांत गेले, त्यानंतर महिनाभरानं मी यांची हत्यारांची पिशवी परत द्यायला शहागंजात आले. दुकान कुठं आहे हेसुद्धा विचारत विचारत. यांनी तुमच्याकडं सहा वर्षं काम केलं आणि मी एकदाही आले नव्हते. पिशवीत पक्कड होती, तीन पेचकस होते, सोल्डरिंग आयर्न आणि दात घासायचा एक जुना ब्रश. तुम्ही पिशवी उघडून बघितलीत, परत बांधलीत आणि माझ्याच हातात दिलीत. "इसको वापस नहीं लेते बेटी. इसको चलाते." मला वाटलं म्हातारा माणूस दुःखानं काहीतरी बोलतोय. तर तुम्ही समोरची जागा पुसून दिलीत आणि एक बिघडलेलं मीटर पुढं सरकवलंत. माझी सातवी झालेली. विजेबद्दल एवढंच माहीत की ओल्या हातानं बटण दाबायचं नाही.

घरी आत्याबाईंनी आठ दिवस धारेवर धरलं. "नवरा जाऊन महिना नाय झाला आन् ही निघाली शहागंजाला. तिथं बसून काय तारा मोजती व्हय?" मी म्हणायची, "व्हय, ताराच मोजते आत्याबाई." सासू म्हणून त्यांचं दुःख मोठं होतं, मला कळत होतं, लेक गेला होता त्यांचा. पण एक दिवस त्यांचा रेडिओ मुका झाला आणि मी त्यातली एक निसटलेली तार जोडून दिली. त्यानंतर गल्लीत सांगायला लागल्या, "आमच्या सुनंला करंट कळतो." जणू मला ताप बघता येत होता.

तुम्ही पहिल्या वर्षात मला एकच गोष्ट शिकवलीत असं मला आता वाटतं. मोठ्या मीटरच्या काट्याखाली आरशाची बारीक पट्टी आहे. एक डोळा मिटायचा आणि डोकं हलवत न्यायचं, खरा काटा आणि आरशातला काटा एकावर एक येईपर्यंत. दोन दिसत असतील तर तू तिरकी बघतेस. "एक दिखा तो पढ़ना. दो दिखे तो चुप रहना." मी दोन महिने चूप होते. मग वाचायला लागले. काटा वाचता वाचता यंत्रांची इंग्रजी पुस्तकं वाचायला लागले, डिक्शनरी मांडीवर घेऊन, एका पानाला एक दिवस. तुम्ही बाकावर उर्दू पेपर मोठ्यानं वाचायचात, मी मराठी पेपर वाचून दाखवायची, आणि एकाच बातमीत दोन्हीकडं वेगळे आकडे आले की तुम्ही म्हणायचात, "दोनों को मीटर पे लगाओ."

आणि सेल. तो तुमच्या आयुष्यात माझ्या आधीपासून होता, यांच्याही आधीपासून. निजामाचं राज्य असताना तुम्ही हैदराबादेत एका वर्कशॉपात मापाच्या टेबलावर होता. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते वर्कशॉप मोडलं, सामान भंगारात निघालं, आणि तुम्ही बाकी काही न घेता तो काचेचा सेल घेतलात. आत पारा, म्हणून आडवा करायचा नाही. हैदराबाद ते औरंगाबाद, रात्रभर आणि अर्धा दिवस, तुम्ही तो उभा मांडीवर धरून आणलात. त्या दिवसांबद्दल तुम्ही मला एवढंच सांगितलंत. लोकांनी काय काय मांडीवर घेऊन गाव सोडलं, मी हे घेतलं, असं.

सेलमध्ये वीज नावाला असते, पण तिचा जोर वर्षानुवर्षं एकच. त्याच्याकडून काम घ्यायचं नसतं, त्याच्याशी फक्त ताडून बघायचं असतं. त्यासाठी दुसरी मोठी पेटी, तिच्या चकत्या फिरवत फिरवत दोन्हीकडचा जोर सारखा करायचा, इतका की मधून काहीच वाहू नये. काहीच वाहिलं नाही की माप खरं. अर्धा तास सहज जायचा. सेलच्या दोन टोकांना मीटर सरळ लावायचं नाही, हा दुकानातला पहिला कायदा. "ये गवाह है," तुम्ही म्हणायचात. "गवाह से मज़दूरी नहीं कराते." माझ्या आधी एका कारागिरानं साफसफाई करताना सेलचा डबा नुसता कलंडवला होता. त्याला तुम्ही त्याच दिवशी घरी पाठवलंत. हे मला यांनी सांगितलं होतं, आणि तो माणूस तुमच्या मावसबहिणीचा मुलगा होता हेही.

तो शुक्रवार होता. मला दुकानात येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. वाळूजला कारखाने उभे राहत होते आणि आपल्याकडं रोज कुणीतरी मीटर घेऊन यायचं. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. प्लेटिंगच्या कारखान्यातला माणूस आला, त्याच्या छोट्या मीटरचा अडलेला काटा मी आदल्या दिवशी मोकळा करून ठेवला होता, फक्त ताडून बघायचं राहिलं होतं. तो काउंटरवर हात आपटत नव्हता, पण पायावर पाय बदलत होता. "बाई, माझी दोनची शिफ्टची बस हाय. साहेब म्हनला मीटर घेतल्याबिगर येऊ नको." मी म्हटलं, "उस्ताद नमाजहून आले की देते." तो म्हणाला, "त्यांची नमाज व्हईस्तोवर माझी नोकरी जाईल. तुमाला येत नाय का?"

मला येत होतं. मोठी पेटी लावून अर्धा तास. किंवा आपलं मोठं मीटर शेजारी लावून दोन मिनिटं, जे मी पुढं केलंच. पण त्यानं 'तुमाला येत नाय का' म्हटलं, आणि त्याचं मीटर अगदी लहान मापाचं, आणि सेल एक व्होल्टच्या जरासाच वर, जणू त्या मीटरसाठीच ठेवलेला. मी डबा उघडला आणि त्याच्या मीटरच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना लावल्या.

काटा एकापर्यंत गेला नाही. मला वाटलं माझीच दुरुस्ती कच्ची राहिली, काटा अजून अडतोय. मी काचेवर टिचकी मारली. टोकांचे स्क्रू आवळले. पुन्हा टिचकी मारली. तो माणूस घड्याळ बघत होता आणि मी त्याच्याकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते. पाच मिनिटं गेली असतील, जास्तही. मग काटा खाली यायला लागला. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. नुसता हळूहळू खाली, जसं कुणी ऐकता ऐकता डोळे मिटावेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काटा अडलेला नाही, मी साक्षीदाराला कामाला जुंपलंय. मी तारा ओढून काढल्या. डब्याचं झाकण दोनदा तिरकं बसलं. मोठ्या मीटरशेजारी लावून त्याचं मीटर बघितलं, ते बरोबर होतं, सुरुवातीपासून बरोबरच होतं. "बगा, झालंच ना लगीच," तो म्हणाला आणि बसकडं पळाला.

तुम्ही आलात. कानामागं अत्तराचा फाया, हातात माझ्यासाठी दोन केळी. "कोई आया था?" "वाळूजचा माणूस. मीटर घेऊन गेला." "जाँचा?" "जाँचा," मी म्हटलं. केळं मी सोललं आणि खाल्लंही. माझी मुलगी सातवीत होती, घर माझ्या हातावर होतं, आणि मावसबहिणीच्या मुलाचं काय झालं ते मला माहीत होतं. त्या दिवशी मी स्वतःला हेच सांगितलं.

शनिवारी सकाळी दुकानाचं मोठं मीटर सेलशी ताडायचा तुमचा रिवाज होता. सगळी मीटरं त्या मोठ्या मीटरवरून तपासायची आणि मोठं मीटर सेलवरून. मी घरून निघतानाच ठरवलं होतं की आज सांगायचं. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण मी पोचले तेव्हा तुम्ही चकत्या फिरवायला सुरुवात केली होती. तुम्ही जोर सारखा केलात, मोठ्या मीटरवर वाकलात, एक डोळा मिटलात. सेल आणि मीटर दोन्ही खरे असतील तर काटा शंभरावर पाहिजे. तुम्ही बराच वेळ वाकलेलेच राहिलात. मग चष्मा काढलात, कुर्त्याच्या टोकानं पुसलात, पुन्हा वाकलात. "दो घर नीचे दिखता मेरेको," तुम्ही म्हणालात. "तू देख ज़रा."

मी वाकले. काटा आणि आरशातला काटा एक केला. अठ्ठ्याण्णव. स्वच्छ अठ्ठ्याण्णव. सेल थकला होता आणि आपल्याबरोबर मीटरला खोटं पाडत होता. मला वाटलं, अठ्ठ्याण्णव म्हटलं की तुम्ही विचार करणार, मीटर बिघडलं का सेल, आणि मग सेलचा डबा उघडणार, आणि मग कालचा दिवस. त्या एका श्वासात मला फक्त डबा बंद राहायला हवा होता. मी म्हटलं, "शंभरच आहे चाचा."

खरं सांगते, मला पुढचं सुचलंच नव्हतं. मला वाटलं तुम्ही म्हणाल बरं, आणि विषय संपेल. पण तुम्हाला अठ्ठ्याण्णव दिसत होतं आणि मला शंभर, आणि तुम्ही माझ्यावर अविश्वास दाखवायचा विचारही केला नाहीत. महिन्यापूर्वी तुम्ही एका रेझिस्टरवरचा तपकिरी पट्टा लाल वाचला होता आणि मी हसले होते. ते तुम्हाला आठवलं असणार. तुम्ही तिसऱ्यांदा वाकलात. सरळ होताना टेबलाला धरलंत, जे तुम्ही कधी करत नव्हता. "तो फिर आँख गई," तुम्ही म्हणालात. रागानं नाही, दुःखानं नाही. मीटर बघून जसं सांगायचात, तसं. मग खुर्चीतून उठलात. "तू बैठ. आज के सब तू पढ़." मी बसले.

मंगळवारी तुम्ही सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला गेलात. त्या सकाळी मी एकाही यंत्राला हात लावला नाही. डॉक्टर म्हणेल डोळे ठीक आहेत, तुम्ही परत याल, पुन्हा वाकाल, पुन्हा अठ्ठ्याण्णव दिसेल, आणि मग तुमच्यासारखा माणूस एकाच निष्कर्षाला येणार. रस्त्यावर प्रत्येक पांढरा कुर्ता मला तुमचा वाटत होता. दुपारी आलात ते गिऱ्हाइकाच्या बाकावर बसलात. "मोतियाबिंद की शुरुआत बोला. बोला, दस साल कुछ नहीं होता. आराम से अख़बार पढ़ो." मी म्हटलं, "मग बरंच झालं की." तुम्ही हसलात. "अख़बार तो पढ़ूँगा. अख़बार में सौ का अठ्ठानवे हुआ तो किसको फ़र्क पड़ता. ये काम अलग है." मी तेव्हा खरं सांगू शकले असते. तिथं कुणी नव्हतं. मी उठून पाणी आणलं.

त्यानंतर मीटर तपासल्याच्या चिठ्ठीवर माझी सही जायला लागली. एका कारखान्याचा सुपरवायझर चिठ्ठी हातात घेऊन म्हणाला, "उस्ताद, बाईची सही चालंल का आमच्या साहेबाला?" तुम्ही बाकावरून पेपर खाली न ठेवताच म्हणालात, "साहब को बोलो, ये मेरी आँख है." त्याला काय, तो चिठ्ठी घेऊन गेला. मी खाली मान घालून एक स्क्रू पिळत होते आणि तो कधीच घट्ट बसलेला होता.

चाचा, त्या दिवसांत एकही मीटर चुकीचं बाहेर गेलं नाही. मी मोठ्या मीटरवरच सगळं ताडायची, सेलकडं नुसतं दाखवायला वळायची. एवढी काळजी घेतली. चुकीचे ठरले ते फक्त तुमचे डोळे. दर शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेलात की मी मोठी पेटी लावून सेल बघायची. अठ्ठ्याण्णव. मग अठ्ठ्याण्णव आणि थोडं वर. असा सेल पडून राहिला तर कधीकधी आपणहून सावरतो असं एका पुस्तकात वाचलं होतं, कधीकधी सावरत नाही असंही. आजाऱ्याजवळ बसावं तशी मी बसायची. नव्याण्णव झालं तेव्हा मी तुमच्या गल्लीतल्या दर्ग्यासमोर हात जोडले आणि घरी येऊन देवापुढंही जोडले, कुणाला कमी नको. नवव्या की दहाव्या आठवड्यात काटा शंभरावर आला आणि तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी चकत्या फिरवल्या, वाकले, शंभर. बाकावरून तुम्ही विचारलंत, "कितना?" मी म्हटलं, "शंभर." तोच आवाज, तेच उत्तर, फक्त या वेळी ते खरं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, चाचा, आज तुम्ही बघा एकदा. तुम्ही वाकला असता, तुम्हाला शंभर दिसलं असतं. मला काही कबूलही करावं लागलं नसतं. तुम्ही म्हणाला असता डोळ्यांना आराम दिला त्याचा गुण आला, आणि परत कामाला बसला असता, आणखी सहा-सात वर्षं, शेवटच्या आजारापर्यंत. मी ते म्हटलं नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या नाही, कधीच नाही.

शेवटच्या आजारात मी तुमच्या घरी आले होते. तुमच्या सूनबाईंनी मला आत बसवलं. तुम्ही उशीला टेकून पेपर वाचत होता, चष्मा न लावता, जाहिरातींची ती मुंगीएवढी अक्षरं. मी बघत राहिले. तुम्ही पेपर बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "ये पढ़ने में आता. सुई में ही नहीं आता था. अजीब बात है ना?" मी म्हटलं, "व्हय, अजब आहे." तुमचा हात माझ्या हातावर होता. तुम्हाला काही कळलं होतं का, हे मी इतकी वर्षं त्या वाक्यातून शोधते आहे. मला नाही वाटत कळलं होतं. कळलं असतं तर तुम्ही मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, मावसबहिणीच्या मुलासारखं, आणि तेच बरोबर झालं असतं. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलानं दुकान विकलं आणि सगळी यंत्रं टेम्पोत घालून माझ्या दारी उतरवली. "अब्बा बोले थे, आपा का है सब." सेल तो स्वतः हातात उभा धरून आला होता.

तर असा तो कागद. गृहस्थ चांगले आहेत, सगळं टाइप करून आणलंय, तुमच्या हैदराबादचं, मांडीवरच्या सेलचं सगळं लिहिलंय. यंत्रं न्यायची आहेत, सेल जाईल, मीटर जाईल, काचेच्या कपाटात बसतील, आणि शेजारी ही ओळ कायमची लागेल. पोरं येतील, वाचतील, डोळे गेले बिचाऱ्याचे म्हणतील आणि पुढं जातील. दोन दिवस मी सही न करता कागद उशीखाली ठेवला होता. आज सकाळी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. समासात लिहिलं : 'त्यांची दृष्टी शेवटपर्यंत चांगली होती. माझ्या चुकीने सेल बिघडला होता, मी ते लपवले आणि त्यांना काटा खोटा सांगितला.' खाली सही केली. माझी सही तुमच्या सहीसारखीच तिरकी आहे, ती मी तुमच्याकडूनच उचलली. उद्या ते वाचतील तेव्हा माझ्याकडं कसं बघतील माहीत नाही. बघू देत.

ही वही मात्र मी त्यांना देणार नाही. समासात जे लिहिलं त्यात एक गोष्ट नाही, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि भीती, मुलगी, घर, ही सगळी कारणं तिच्या पुढं थोडी थोडी खोटी आहेत. त्या पहिल्या शनिवारी तुम्ही 'तू बैठ' म्हणालात आणि मी तुमच्या जागी बसले, तेव्हा खुर्ची तुमच्या अंगानं अजून उबदार होती. दहा वर्षं मी समोरून, उलट्या बाजूनं काम बघत आले होते. तिथून सगळं सुलटं दिसत होतं, आकडे, पट्ट्या, रस्तासुद्धा. मी घाबरलेली होते, खोटी होते, तुम्ही शेजारी उभे होता. आणि चाचा, मला फार बरं वाटलं.